आबांचं बर्फाचं पायताण

दुपारचं जेवण उरकलं की आमच्या गल्लीत एक वेळ अशी येते, की कुठंच हातोडी वाजत नाही. चपला ठोकणारे सगळे हात घटकाभर उशाखाली जातात. चैत्र सरत आला आहे, कोल्हापूरचं ऊन पत्र्यावर ठाण मांडून बसलं आहे, आणि मी कामाच्या खोलीत कातड्याच्या गठ्ठ्याला पाठ लावून आडवी झाले आहे. डोळे मिटलेत, कान तेवढे जागे आहेत. पलीकडच्या खोलीतून आईच्या हाताचा आवाज येतो. सुर्र, सुर्र. तेल मुरवणाऱ्या बोटांचा असतो तसा, ओला, सावकाश.

आई आबांच्या बर्फाच्या पायताणाला तेल लावते आहे.

हे पायताण म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील, केरबा कुरणे. घरचा धंदा कोल्हापुरी चपलांचा. कातडं कापायची रापी आणि भोक पाडायची आरी हातात आधीपासून होतीच. फौजेनं त्या हातांना उचललं आणि बूट दुरुस्त करायला थेट हिमालयात नेऊन ठेवलं. तिथं बर्फावर चालायला जवानांना निराळं पायताण लागायचं. लाकूड वाकवून केलेली कोयरीच्या आकाराची लांबलचक चौकट, आणि तिच्यात कच्च्या कातड्याच्या वाद्यांची, म्हणजे चिरून काढलेल्या लांब दोऱ्यांची, विणलेली जाळी. पायातला बूट जाळीवर ठेवायचा, पट्ट्यांनी आवळायचा. माणसाचं वजन जाळीभर पसरतं आणि भुसभुशीत बर्फातही पाय बुडत नाही. जाळी तुटली की ती आबांच्या पुढ्यात यायची. असाच एक जोड फौजेनं कंडम ठरवला. आबांनी तो मागून घेतला, सगळी जाळी नव्यानं विणली, आणि निवृत्त होऊन घरी येताना ट्रंकेवर बांधून आणला.

गल्लीनं मनसोक्त चेष्टा केली. कोंबड्या झाकायला आणलंय का, असं कुणी विचारलं. शेजारचे बंडूकाका दात घासत दारात उभे राहायचे आणि रोज सकाळी विचारायचे, रंकाळा गोठला काय रं केरबा? आबा म्हणायचे, गोठला की पहिल्यांदा तुलाच त्यावर सोडतो, पायताणाशिवाय.

पण त्या जोडाची जपणूक त्यांनी कधी चेष्टेवारी नेली नाही. खंडेनवमीला रापी, आरी, हातोडी मांडली की त्या पंगतीला हे पायताणही बसायचं, हळदकुंकू लावून. त्याआधी ओल्या फडक्यानं पुसायचं, सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. वादी कुठं उसवली आहे का, ते बोट फिरवून बघायचं. मग व्हार्निशचे दोन हात, लाकडालाही आणि जाळीलाही. चुलीजवळ ठेवायचं नाही, तडकतं. भुईवर ठेवायचं नाही, उंदीर खातो. दोन्ही पायांच्या मधे लाकडाचा ठोकळा घालून आढ्याला टांगायचं, म्हणजे चौकट पिळवटत नाही. आमच्या पावसाला आबा बर्फापेक्षा वाईट म्हणायचे. बर्फ झटकता येतो, ही ओल झटकता येत नाही.

आणि तेल म्हणून लावायचं नाही. ही चूक करायची तर आमच्यासारख्यांनीच. आमच्या चपलेचं कातडं कमावलेलं असतं, त्याला तेल पाजलं की ते मऊ पडतं, पायाला लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. त्यामुळं कातडं दिसलं की आमचा हात आपोआप तेलाच्या वाटीकडं जातो. जाळीचं कातडं मात्र कच्चं. ते ताठ असतं म्हणून तर माणूस तोलतं. त्याच्यात तेल मुरलं, की ते ढिलं पडतं, लोंबतं, आणि परत ताठ होत नाही.

आबा गेल्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून आई झोपत नाही. म्हणजे आडवी होते, डोळे मिटते, पण झोप नाही. डॉक्टरनी गोळी दिली, ती तिनं देवापुढं ठेवली आणि विसरली. दिवाळीनंतर एक दिवस तिनं आढ्याचं पायताण काढून घेतलं, मांडीवर घेतलं आणि एरंडेलाची वाटी शेजारी ओढली. आता रोज दुपारी तेच. जाळी जुन्या बाजल्यासारखी झोळ धरायला लागली आहे. मला दिसतं. मी बोलत नाही. त्या माणसाचं एवढं एकच तिच्या हातात राहिलं आहे, आणि ते तूच नासवते आहेस असं मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? आणि न सांगावं, तर या पावसाळ्यात जाळी कुजून खाली येईल, ते तिच्या डोळ्यांसमोर. आज सकाळी ती म्हणाली, तेल सरत आलंय, येताना बाटली घेऊन ये. मी मान हलवली. बाटली आणली नाही.

सुर्र, सुर्र.

हा आवाज ऐकत ऐकत मी खाली खाली जाते. गठ्ठ्यातल्या कातड्याचा वास दाट होतो. मग आवाजालाही वजन येतं. सुर्र नाही आता, खर्र. खर्र, खर्र. कुणीतरी चालतं आहे.

मी गल्लीत उभी आहे आणि गल्लीत बर्फ आहे.

फार काही नवल वाटत नाही. ऊन तसंच आहे, पत्रा तसाच तापलेला आहे, आणि खाली गुडघाभर पांढरं. दुकानांपुढं माळेनं टांगलेल्या चपलांच्या अंगठ्यांवर बर्फाचा एकेक गोळा बसला आहे, शेवेच्या लाडवाएवढा. गिरणीच्या कोपऱ्यावरून आबा येतात. अंगात फौजेचा जाड कोट, डोक्याला मात्र घरचा पटका. पायात ते पायताण. मला बघून ते लांबूनच हात हलवतात, जवळ यायला मात्र त्यांना फार वेळ लागतो.

"कौशे," ते म्हणतात, "जेवलीस काय?"

जेवले म्हणते. कशाची भाजी होती ते विचारतात. वांग्याची, म्हणते. ते नाकानं हवा ओढतात आणि सांगतात, की तुझ्या आईच्या हातचा झणका इथवर येतो, येतो आणि थबकतो, ताटात काही पडत नाही. मला हसू येतं. माणूस जाऊन वर्ष होत आलं, आणि पहिली तक्रार वांग्याची.

मग मी खाली बघते. प्रत्येक पावलाला त्यांचा पाय बुडतो आहे. पायताण घातलेला माणूस बर्फावर वर राहायला हवा, आणि आबा पोटरीपर्यंत आत आहेत. ते पाय उपसून दाखवतात. जाळी पोटासारखी खाली लोंबते आहे आणि तिच्यातून एरंडेल ठिबकतं आहे. त्यांच्या मागं जिथवर वाट दिसते तिथवर पावलांचे खड्डे आहेत, आणि एकेका खड्ड्याच्या तळाशी पिवळा ठिपका.

मी म्हणायला लागते, आबा, मी बघत होते, मला कळत होतं, पण...

ते हात वर करतात. आधी काम, मग रडणं, असं त्यांचं होतंच. बसू कुठंतरी, म्हणतात, आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर टेकतात. मीही टेकते. पायरी लाकडाची आहे. ती दुकानाची पायरी नाही, बाकडं आहे, आणि आम्ही एका लांब शेडमध्ये बसलो आहोत. पत्र्यावर वारा घोंगावतो आहे. मधोमध बुखारी, ऊब द्यायची लोखंडी शेगडी, जळते आहे, रॉकेलचा वास येतो आहे. वर तारांना रांगेनं बर्फाची पायताणं टांगली आहेत, वाऱ्यानं एकमेकांना हळू लागताहेत. ही शेड मी कधी पाहिलेली नाही. पण लहानपणी इतक्यांदा ऐकली आहे, की कुठला खिळा कुठं आहे ते मला माहीत आहे.

"बुखारीपास्नं लांब सरक," आबा म्हणतात. "तू न्हवं. पायताण."

मी पायताण सरकवते.

ते घमेल्यातून एक वादी काढतात. भिजून भिजून ती शेवईसारखी झाली आहे. सगळी जाळी आज व्हायची नाही, म्हणतात, अंगठ्यापाशी भोक असतं त्याच्या लगतचं जाळीचं एक घर तेवढं करू. चालताना सगळा भार तिथंच येतो. वादीचं एक टोक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. ते आरीनं वाट करतात, मी ओवते. त्यांची नखं तशीच आहेत, कडांना काळी. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या वडिलांची नखं अशीच असतात.

ओढ, म्हणतात. मी ओढते. अजून ओढ, म्हणतात, हाताच्या अंगठ्याला वेढा दे आणि धरून ठेव, दुसरा फेर बसेपर्यंत सोडायचं नाही. ओलं असताना जेवढं ओढशील तेवढं थोडंच, वाळताना ते आपलं आपण आवळतं. माणूस झोपला तरी कातडं काम करत राहतं. वादी माझ्या अंगठ्यात रुतते. थंड आहे. दुखतं, पण असं, की सोडावंसं वाटत नाही.

वादी धरल्या धरल्या मी त्यांना सांगते. हात गुंतलेले असले की बोलायला बरं पडतं. आई रोज तेल लावते, असं मी म्हणते. बिचारीला माहीत नाही म्हणते. सांगितलं तर ती मोडेल, आणि नाही सांगितलं तर हे मोडेल. मी दोहोंच्या मधे लटकले आहे, तुमच्या या तारेवरच्या पायताणासारखी.

आबा हसायला लागतात. खांदे हलतात त्यांचे, आवाज येत नाही. असं ते घरी कुणी पाहुणा बसलेला असला की हसायचे.

"तिला ठावं न्हाई?" ते म्हणतात. "अगं, सगळा जन्म मी ह्याच्यावरनं कोकललो. गल्लीतल्या कुत्र्याला सुद्धा ठावं हाय, की केरबाच्या पायताणाला तेल चालत न्हाई. आणि शेवंताला ठावं न्हाई?"

"मग ती का लावते?"

आबा दुसरा फेर बसवतात, दाताखाली वादी धरून ताणतात. मग उठतात, दार ढकलतात, आणि म्हणतात, चल, दाखवतो.

दारापलीकडं एसटी स्टँड आहे. गाड्या खिडक्यांपर्यंत बर्फात रुतल्या आहेत आणि तरी त्यांच्या पाट्या दिसताहेत, जोतिबा, राधानगरी, गडहिंग्लज. फलाटावर लोक बोचकी घेऊन शांत बसलेत, कुणालाच घाई नाही. कंट्रोलरच्या खिडकीत पांढऱ्या मिशांचा माणूस चहा पितो आहे आणि वाफ बशीतच गोठून उभी आहे. आबा त्याला रामराम घालतात. तो विचारतो, उघडलं काय? न्हाई अजून, आबा सांगतात. तो च्‌ च्‌ करतो. मला वाटतं ते गाडीविषयी बोलताहेत.

आम्ही चालतो. एका पायाला आता एक ताठ घर आहे, तेवढ्यापुरता आबांचा तो पाय थोडा कमी बुडतो. दुसरा तसाच जातो. ते लंगडल्यासारखे चालतात, आणि मी त्यांच्या पावलांच्या खड्ड्यांतून पाय टाकत मागून जाते, जशी जत्रेत जायची.

फलाट संपतो आणि मैदान लागतं. मैदानात आमच्या घराचं दार उभं आहे.

नुसतं दार. भिंत नाही, घर नाही. आमचंच, निळ्या रंगाचं, खालच्या फळीला माझ्या लेकाच्या क्रिकेटच्या चेंडूनं खोक पडलेलं. दारापुढं उंबऱ्यालगत बर्फ दबून एक खळगा झाला आहे, बसलेल्या माणसाच्या मापाचा. आबा त्यात बसतात. तंतोतंत बसतात.

"ही तिच्या झोपंची वाट," ते म्हणतात. "माझ्यासारख्यानं आत जायचं ते हिथनंच. तुझ्या झोपंचं दार तर काय, सताड उघडं, पोरासोरांनी धसाफसा शिरावं तसं. हे मात्र एकदा बी उघडलं न्हाई."

मी विचारते, वाजवून बघितलं का. बघितलं म्हणतात. आतून म्हणाली, उंदीर असंल.

दाराच्या फटीतून उजेड येतो. मी डोळा लावते. आत आई बसली आहे, मांडीवर पायताण, शेजारी वाटी. ती तेल लावते, थांबते, मान वर करून आढ्याकडं बघते, कान देते. पुन्हा लावते. पुन्हा थांबते. इतके महिने मी तिच्या बोटांकडं बघत होते. हे थांबणं मी कधी बघितलंच नाही. ती कशाची तरी वाट बघते आहे.

आणि तिच्या तोंडात ओवी आहे. आता कुणाच्या घरी दळायचं जातं आहे? पण आईच्या तोंडातून जातं गेलेलं नाही, हात एका तालात चालायला लागला की ओवी आपोआप येते.

*बर्फाच्या वाटंला, पाऊल बुडं मऊ*
*सांगा माझ्या धन्याला, नको एकला जाऊ*

आबा डोळे मिटून ऐकतात. संपली की ते तिच्याच चालीत, बसक्या आवाजात, दाराला सांगितल्यासारखी म्हणतात,

*ओवी गाते शेवंता, ऐकतो दारी बसून*
*झोपंच्या घराला, कडी लागली आतून*

आत काही ऐकू जात नाही. सुर्र, सुर्र चालूच.

"आता कळलं?" ते मला विचारतात. "तेल दिसलं की केरबा कोकलत येतोच, ही तिची खात्री. पायताणाला लावती म्हणून तुला वाटतंय. ती मला हाक मारतीया. आणि मी हिथं बसून कोकलतोय, ते जागेपणी ऐकू जात न्हाई."

वारा पडलेला आहे. मी त्यांच्या कोटावरचा बर्फ झटकते. तो झटकला जातो. झटकता येतो, हे खरंच आहे.

मग आबा म्हणतात, तू ओरड. तू जागेपणाच्या कडेला पडलीयास, तुझा आवाज पलीकडं जाईल. माझ्या वतीनं ओरड.

मी आईवर? मी आईवर जन्मात आवाज चढवलेला नाही. आणि चढवायचा तर म्हणायचं काय? आबा इकडं तिकडं बघतात, जणू मैदानात कुणी ऐकायला आहे, आणि माझ्या कानाशी वाकतात.

"हे तू ऐकलेलं न्हाईस. कुणीच न्हाई. माझी आई हयात असताना मोठ्यानं म्हणायची सोय न्हवती. तिला रोज डोस्क्याला तेल लागायचं, आणि तुझी आई वाटी घिऊन तिच्या मागं. पायताण आणलं त्याच हप्त्यात शेवंता तीच वाटी घिऊन ह्याच्याकडं निघाली. मी हळूच म्हणालो..."

आणि आबा ते वाक्य म्हणतात. मला हसू फुटतं. ते गंभीर चेहऱ्यानं सांगतात, की पदराचा बोळा तोंडात कोंबून शेवंता हसली होती, पाठमोरी, सासूला दिसू नये म्हणून, आणि मग कितीदा तरी ती मुद्दाम वाटी घेऊन निघायची, नुसतं ते ऐकायला. पोरं कळती झाली, म्हणतात, तसं मी तुमच्यासमोर नुसतंच 'तेल नको' म्हणायला लागलो. आतलं तिचं तिच्यापाशी राहिलं.

मी दाराकडं तोंड करते. म्हणून बघते. आवाज दाराच्या फळीपर्यंतसुद्धा जात नाही.

"गिऱ्हाईकाला चप्पल दाखवतीयास व्हय?" आबा म्हणतात. "पोटातनं काढ. राग नको आणू, राग न्हवता त्यात."

मी श्वास घेते. ते घाईघाईनं आणखी एक सांगून टाकतात, पट्टे कमावलेल्या कातड्याचे आहेत, त्यांना तेल चालतं, लागतंच. ते तिच्याकडं दे. जाळी तू घे. भिजव, ओढ, सावलीत वाळव. तिचा हात मोकळा ठेवू नकोस.

मी विचारते, दार उघडल्यावर तुम्ही आत जाल, मग माझ्याकडं?

आबा उठून उभे राहतात, खळग्यातून, कोट झटकत, लग्नघरात शिरण्याआधी माणूस झटकतो तसा.

"तुझ्याकडं काय," म्हणतात, "वांगं कर कवातरी. बिनतिखटाचं. मग बघू."

आणि मी ओरडते. पोटातून, टाचेतून, सगळ्या बर्फावरून जाईल असं.

"शेवंते, खाली ठेव ती वाटी. कातडं हाय ते, सासूचं डोस्कं न्हवं!"

माझ्याच आवाजानं मी उठून बसते. तो आवाज अजून पत्र्यात आहे. अंगाला घाम आहे, कातड्याचा गठ्ठा आहे, ऊन आहे. पलीकडची सुर्र सुर्र थांबली आहे.

आई दारात येते. एका हातात वाटी, ती कलली आहे आणि तेलाची धार तिच्या पायावर पडते आहे, ते तिला कळत नाही. ती माझ्याकडं बघते, माझ्या मागं भिंतीकडं बघते, पुन्हा माझ्याकडं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

ती सावकाश खाली बसते, वाटी भुईवर ठेवते. अगदी सांगितल्याप्रमाणं, खाली.

मग मी सांगते. दाराचं सांगते, उंदराचं सांगते, कंट्रोलरचं कसं कोण जाणे पण तेही सांगते. बोलून संपतं तेव्हा ती पदराचं टोक तोंडाकडं नेते, मला वाटतं आता ही रडणार. तिचे खांदे हलायला लागतात. पदर तोंडात कोंबून, सत्तरी ओलांडलेली माझी आई, माझ्याकडं पाठ फिरवून हसते आहे.

"मेल्यालं माणूस," ती म्हणते, "वरीस घालवलं, आणि हे बोलायला आलं व्हय. तेही पोरीच्या तोंडनं."

हसणं ओसरल्यावर मी पट्ट्यांचं काढते. पट्टे तुझे, जाळी माझी, असं आबा म्हणालेत. ती पट्ट्यांकडं बघून नाक मुरडते. एवढंएवढं तर हाय ते, म्हणते, त्याला किती दिवस तेल पुरवायचं. पण पायताण मांडीवर ओढते, जाळी एका बाजूला करते, आणि पट्टा बोटांत घेऊन बघते, दोन्ही अंगांनी. मग तोही ठेवून देते. उद्या बघू, म्हणते. डोळ्यांवर कायतरी जड बसल्यासारखं झालंय.

ती माझ्या शेजारी गठ्ठ्याला टेकते आणि आडवी होता होता आधाराला माझा हात धरते. धरते आणि थबकते. हात उजेडाकडं नेते. मीही तेव्हाच बघते.

माझ्या उजव्या अंगठ्याभोवती एक खोल वळ आहे. वादीच्या रुंदीचा, सरळ कडांचा, दोन वेढ्यांचा. आतली कातडी पांढरी पडून सुरकुतली आहे, खूप वेळ पाण्यात भिजल्यासारखी. आई त्याला नख लावून बघते. मग नाकाशी नेते, वास घेते, आणि अंगठा मुठीत धरून टाकते.

मी तिला हाक मारते. ती ओ देत नाही. तिची मान कातड्यावर कलते, तोंड थोडं उघडतं, श्वास लांब होत जातो. मला उठायचं आहे, वाटी आत ठेवायची आहे, तेल सांडलेलं पुसायचं आहे. मी हलत नाही. मुठीत अंगठा ठणकतो आहे, आणि आई चक्क घोरते आहे.